दिव्याकडे जाणारी सावली

१

काचेच्या पेटीत पांढरा पुठ्ठा होता. पुठ्ठ्यावर पानाचे चार कोपरे धरायला चार कागदी टोप्या चिकटवलेल्या होत्या. मधलं पान तेवढं नव्हतं.

"मावशी, कशालाही हात लावू नकोस," भाची म्हणाली.

"तू मला शिकव," मावशी म्हणाली.

मावशी पोलीस खात्यातून निवृत्त झाली होती, पण माणसाकडे बघण्याची तिची जुनी सवय निवृत्त झाली नव्हती. भाची या कलादालनाची संचालिका. उद्या सकाळी काजळमास्तरांच्या जन्मभराच्या कामाचं प्रदर्शन उघडायचं होतं, आणि ज्या एका पानासाठी लोक येणार होते तेच पेटीत नसल्याचं जेवणाच्या सुट्टीनंतर लक्षात आलं होतं.

काजळमास्तर म्हणजे चित्रकथा काढणारा माणूस. खरं नाव आता त्यांच्या लेकीलाच आठवत असेल. इतर चित्रकार आधी रेघ काढतात आणि मग रंग भरतात. मास्तरांच्या चित्रात रेघ जवळजवळ नसेच. असत ते काळ्या शाईचे मोठमोठे तुकडे आणि त्यांच्यात उरलेला पांढरा कागद. त्या पांढऱ्यातून नाक, हनुवटी, पिस्तूल धरलेली मूठ आपोआप दिसायची. त्यांचा नायक भुयारी. तो शहराखालच्या बोगद्यांत राहतो, वर येतो, अन्याय करणाऱ्याला गाठतो आणि जाताना भिंतीवर एक फुली मारून जातो. त्याची सावली दिव्यापासून लांब पळत नाही, ती दिव्याकडे जाते. सावली जिकडे वळेल तिकडे गुन्हेगार, हे पोराटोरांना पाठ होतं. या उलट्या सावलीवर मास्तरांनी उभी हयात काढली. मोठमोठ्या लोकांनी तिच्यावर भाषणं ठोकली.

नाहीसं झालेलं पान म्हणजे पहिल्या गोष्टीचं शेवटचं पान. उलटी सावली पहिल्यांदा पडली ती त्याच पानावर. एक बंद गल्ली, उजवीकडे लटकता कंदील, मध्ये भुयारी आणि त्याच्या पायापासून थेट कंदिलाकडे गेलेला काळा पट्टा.

"पेटीला कुलूप?" मावशीने विचारलं.

"मांडणी चालू होती, लावलं नव्हतं. सकाळपासून आत चारच बाहेरची माणसं होती. मास्तर, त्यांची लेक, जुन्या चित्रकथा जमवणारे शेठ आणि भरणी."

"भरणी कोण?"

भाचीने सुस्कारा सोडला. "मास्तरांचा मदतनीस. मास्तर पेन्सिलीने काढायचे, हा काळं भरायचा. म्हणून भरणी. काल सकाळी याच जागी त्याने मास्तरांना सगळ्यांदेखत आव्हान दिलं."

"कसलं?"

"म्हणाला, ती सावली माझी आहे. मास्तर, तुम्ही चोर आहात, आणि मी प्रदर्शन उघडताना हे सिद्ध करणार."

२

आव्हान असं होतं. मास्तरांना जिथे काळं हवं असे तिथे ते पेन्सिलीने छोटी फुली मारत. मदतनिसाने फुली बघून तो भाग शाईने भरायचा. भरून झालं की खोडरबर फिरवून उरलेली पेन्सिल पुसायची. पण शाईखाली दबलेली फुली पुसली जात नाही. कागद उजेडात तिरका धरला की ती काळ्यातून चमकते.

"म्हणून तो म्हणाला, उद्घाटनाला पान बाहेर काढा आणि तिरकं धरा," भाची सांगत होती. "त्या सावलीखाली मास्तरांची फुली निघाली तर मी शहर सोडून जातो. नाही निघाली तर ती सावली मी स्वतःच्या डोक्याने भरली, आणि पाटीवर माझं नाव लावा."

"आणि मास्तर?"

"हसले. म्हणाले, निघेल."

मावशी आधी मास्तरांकडे गेली. ते सकाळी येऊन मांडणीला नावं ठेवून जेवायच्या आधीच घरी परतले होते. कामाची खोली अरुंद होती. खिडकीखाली उतरतं टेबल, शाईने काळी पडलेली बशी, केस झडलेले कुंचले. टेबलावर भुयारीच्या सगळ्या गोष्टींचा एकत्र छापलेला जाडजूड ग्रंथ उघडा होता. भिंतीला टेकवून ठेवलेली कातडी बांधणीची मोठी चपटी पिशवी मास्तरांनी पायाने आणखी आत सरकवली.

"बसा म्हणणार नाही," मास्तर म्हणाले. "खुर्ची एकच आहे."

"उभ्याने विचारते. पान कोणी नेलं?"

"हे विचारायला पोलीस लागतात? ज्याला ते उद्या तिरकं धरलेलं नको होतं त्याने."

"धरा म्हणून तर तोच ओरडत होता."

"ओरडणारा कोंबडा सकाळ आणत नाही, बाई. त्याला वाटलं होतं मी घाबरेन, मिटवून घेऊ म्हणेन. मी हसलो, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं."

"इतकी वर्षं तुमच्यापाशी होता. त्याच्याबद्दल एक तरी चांगला शब्द?"

मास्तरांनी विचार केल्यासारखं केलं. "वेळेवर यायचा. गाढवही वेळेवर येतं."

मावशी टेबलाजवळ गेली. लावलेला कागद कडांना पिवळा पडला होता. "हा जुना दिसतो."

"हा कागद बनवणाऱ्या कारखान्याला टाळं लागलं तेव्हा उरलेले गठ्ठे मी उचलले. आजचे कागद शाई पितात. मी नव्या कागदावर हातही ठेवत नाही."

"आणि पहिल्या गोष्टीचं जुनं पुस्तक? ते दिसत नाही."

"पोरांनी फाडलं, वाळवीने खाल्लं. एकच धड प्रत आहे, ती त्या शेठकडे. दालनात मांडली आहे पहा, पानाच्या शेजारच्या पेटीत. माझ्याकडे हा नवा ग्रंथ आहे. छपाई स्वच्छ आहे, जुन्यासारखी मळकट नाही."

इतक्यात मावशीचा फोन वाजला. भाचीचा आवाज चढलेला होता.

"मावशी, पान मिळालं! भरणीच्या पिशवीत. आणि मावशी... शाईखाली फुल्या आहेत."

मास्तर शाईची बशी पुसत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

३

दालनाच्या मागच्या खोलीत भरणी बाकावर बसला होता. हाडं मोठी, खांदे पडलेले, नखांच्या कडांत आयुष्यभराची शाई. त्याच्या पुढ्यात टेबलावर पान होतं आणि शेजारी त्याची पिशवी रिकामी करून पालथी घातलेली.

पिशवी उघडली होती मास्तरांच्या लेकीने. ती दाराशी हाताची घडी घालून उभी होती.

"चोराच्या उलट्या बोंबा," ती म्हणाली. "काल बाबांना चोर म्हणत होतात ना, काका? म्हणा आता."

"ताई, मी तुला अंगाखांद्यावर खेळवली..."

"म्हणून पिशवीत घालून पान न्यायचा हक्क मिळतो?"

मावशीने पान कडांना धरून उचललं आणि खिडकीकडे तिरकं धरलं. काळ्या पट्ट्यात तीन ठिकाणी फुल्या चमकल्या. मास्तरांच्याच धाटणीच्या, एक पाय लांब असलेल्या. तिने पान खाली ठेवलं.

"भरणी, तुम्ही हरलात. शिवाय चोर ठरलात. काही बोलायचंय?"

"हे ते पान नव्हे."

लेक हसली. "वा!"

"हे ते पान नव्हे, बाई. चित्र तेच, कागद तसाच. पण ते पान मी ओळखतो. आईला अंधारात ओळखतो तसं."

"खूण सांगा एखादी."

 भरणी म्हणाला, "त्याच्या सावलीखाली फुली नव्हती."

"हे तर तुम्ही कालपासून म्हणताय. दुसरी खूण?"

त्याने नजर रिकाम्या पिशवीकडे वळवली. मावशीला खात्री होती की याला दुसरी खूण ठाऊक आहे आणि ती सांगायची नाही. चोर ठरायची पाळी आलेला माणूस सुटकेची खूण पोटात का ठेवतो?

तिने विषय बदलला. "मास्तरांकडे येण्याआधी काय करत होतात?"

"दुकानांच्या पाट्या रंगवायचो. एका म्हाताऱ्या पेंटरच्या हाताखाली. तो खडूने आखायचा, मी रंग द्यायचो."

"आणि मास्तरांकडे कामाला लागल्यावर किती दिवसांनी ते पान भरलंत?"

"पहिलंच. मास्तर बाहेर गेले होते, छापखान्याचा माणूस दाराशी उभा होता. मी एका बैठकीत भरलं."

"पहिल्याच पानावर नव्या माणसाने मास्तरांचं चित्र स्वतःच्या डोक्याने फिरवलं?"

"मला ते तसं दिसलं," भरणी म्हणाला. पण हे त्याने खिडकीकडे बघत म्हटलं. "चित्रकाराला दिसतं. त्याला कोणी शिकवत नाही."

"मग मास्तर परत आले तेव्हा काय म्हणाले?"

"काय म्हणणार! थोबाडीत मारली." त्याने गालाला हात लावला, जणू तो अजून गरम होता. "पुढच्या आठवड्यात पुस्तक बाजारात गेलं. पोरं वेडी झाली, दिव्याकडे जाणारी सावली, असं कोणी पाहिलंच नव्हतं. संपादक मास्तरांना खांद्यावर घेऊन नाचला. मास्तर म्हणाले, मी मुद्दाम केलं. मी तिथेच बशी धूत होतो."

"तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो असतो तर बशीही गेली असती."

बाहेर भाची कोणाशी तरी फोनवर बोलत होती. मावशीने कान दिला. मास्तरांचा निरोप होता. पान सापडलं ना, मग उद्या ते सगळ्यांसमोर तिरकं धरा, आणि त्या माणसाला पोलिसांच्या हवाली करा. आधी पान, मग बेडी. क्रम चुकवू नका.

४

शेठ दालनाच्या मोठ्या खोलीत स्वतःच्या पेटीशेजारी पहाऱ्यासारखे उभे होते. त्यांच्याकडे चित्रकथांचा मोठा साठा होता, आणि मास्तरांनी त्यांना घरातून दोनदा हाकललं होतं.

"मूळ पान तुम्हाला हवं होतं म्हणे."

"कोणाला नको? पण मास्तर म्हणाले, तुम्हाला देण्यापेक्षा मी त्याच्यात भजी बांधीन."

"मग तुम्हीच का नसेल उचललं?"

"उचलून करू काय?" शेठ खरोखरच चकित झाले. "कपाटात तोंड लपवून बसवू? बाई, वस्तू दाखवायची असते. चोरीची वस्तू म्हणजे मुक्या माणसाची गाण्याची मैफल."

"भुयारीची कोणती गोष्ट आवडते तुम्हाला?"

"वाचत नाही मी. वाचलं की पान मळतं."

मावशीला हे पटलं. हा माणूस बढाईसाठी जगत होता, आणि चोरलेल्या पानाची बढाई मारता येत नाही.

लेक पायऱ्यांवर बसली होती. मावशी तिच्या शेजारी टेकली.

"तुमचं आणि बाबांचं जमतं?"

"जमवून घेते. लहानपणी मला तासन्‌तास हात पुढे करून उभं करायचे. भुयारीचे सगळे हात माझे आहेत. हात हलला की ओरडा. शेवटी मी एकदा कंदील त्यांच्या पायावर टाकला." ती पहिल्यांदाच थोडी हसली. "पण चोर नाहीत ते. त्या काकांना काळं भरायला ठेवलं होतं. भिंत रंगवणारा उद्या म्हणेल, घर मी बांधलं."

"पिशवी बघायचं तुम्हाला कसं सुचलं?"

"मला कुठे सुचलं? पान गेल्याचं मी बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, बोंबा नको मारूस, आधी भरणीची पिशवी बघ."

"लगेच म्हणाले?"

"लगेच." लेकीच्या कपाळाला आठी पडली. ती आठी तशीच राहिली.

मावशी परत पेट्यांकडे आली. डावीकडची पेटी रिकामी. उजवीकडच्या पेटीत शेठची जुनी प्रत, शेवटच्या पानावर उघडी ठेवलेली, म्हणजे येणाऱ्याने मूळ पान आणि छापील पान शेजारी शेजारी बघावं. सकाळपासून ती इथेच होती. तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"शेठ, पेटी उघडा."

"हात लावणार?"

"डोळे लावणार."

तिने सापडलेलं पान आणून छापील पानाच्या शेजारी ठेवलं आणि भाचीचं भिंग घेतलं. भुयारी जागेवर, कंदील जागेवर, काळा पट्टा जागेवर. मग तिचं भिंग भुयारीच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर थांबलं. तिथे ती प्रसिद्ध फुली होती, जी पुढच्या प्रत्येक गोष्टीत भुयारी मारून जातो.

सापडलेल्या पानावर ती कुंचल्याने काढलेली होती, जाड, काळीभोर. छापील प्रतीत ती बारीक होती. तुटक. सगळ्या पानावर शाई गच्च छापलेली, आणि ही एवढी एकच खूण खरबरीत, करडी, जेमतेम उमटलेली.

मावशीने भिंग आणखी खाली नेलं. त्या एका पानावर भुयारीचा कोट पांढरा होता. एरवी तो नेहमी काळा. आणि कोटाच्या पाठीवर, बाहीच्या सांध्याशी, अर्धवट पुसलेल्या दुसऱ्या एका फुलीचा एकच पाय दिसत होता. लांब पाय.

मावशी सरळ उभी राहिली. तिला मास्तरांचा राग आला, आणि भरणीचाही आला. दोघंही खोटं बोलत होते.

"उद्या नाही," ती भाचीला म्हणाली. "मास्तरांना आत्ताच बोलव. म्हणावं, पान तिरकं धरायचंय. येतील."

५

मास्तर आले, काखेत ती चपटी पिशवी घेऊन. ती त्यांच्या अंगाचाच भाग असावी तशी. भरणी भिंतीला टेकून उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण दोघंही एकाच वेळी खाकरले. लेक, शेठ आणि भाची पेट्यांभोवती उभी होती.

"धरा तिरकं," मास्तर म्हणाले.

"धरलं होतं. फुल्या आहेत. तुमच्याच आहेत."

"संपलं तर."

"एकच अडचण आहे. हे पुस्तक या पानावरून छापलेलं नाही." मावशीने दोन्ही पानं जवळ सरकवली. "भिंतीवरची फुली बघा. या कागदावर ती शाईची आहे, जाड. शाईची असती तर पुस्तकातही जाड छापली असती. पुस्तकात ती तुटक आहे, कारण मूळ पानावर ती पेन्सिलीची होती. शाई भरून झाल्यावर घाईत पुसायची राहिली आणि तशीच छापली गेली. म्हणजे आज पिशवीत सापडलं ते पान नवं. कोणीतरी काल रात्रीत काढलेलं. ज्याने काढलं त्याच्यापुढे जुनी प्रत नव्हती. त्याच्यापुढे नवा ग्रंथ होता, ज्यात छपाई स्वच्छ करताना ती फुली जाड करून घेतलेली आहे. जुना पिवळा कागदही त्याच्याकडे गठ्ठ्याने आहे."

लेकीने बापाकडे पाहिलं.

"उत्तम," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जराही हलला नाही. "म्हणजे याने पान चोरलं आणि नक्कलही केली. माझा कागद याने आयुष्यभर हाताळलाय, दोन गठ्ठे घरी नेले असतील. माझी फुली हा झोपेत मारील. स्वतःच स्वतःच्या पिशवीत खोटं पान ठेवायचं आणि मग बोट माझ्याकडे दाखवायचं. साधी युक्ती आहे, बाई. तुम्ही फसलात."

भाचीचा चेहरा पडला. कारण हे अशक्य नव्हतं. तसा कुंचला चालवू शकणारी माणसं जगात दोनच होती, आणि दोघंही इथेच उभी होती.

"आणि भिंतीवरची ती पेन्सिलीची फुली?" मावशीने विचारलं.

"मीच काढलेली. भुयारीची खूण म्हणून, मुद्दाम हलकी. सगळ्या जगाला माहीत आहे."

"आणि त्याच्या कोटाच्या पाठीवरची?"

"कुठली?"

"ही. अर्धी पुसलेली. भुयारी भिंतीवर खूण करतो, हे ऐकलंय. स्वतःच्या पाठीवरही करतो?"

मास्तर भिंगातून बघायला वाकले. सरळ व्हायला त्यांना वेळ लागला.

"मास्तरांच्या हाताने फुली म्हणजे एकच गोष्ट," मावशी म्हणाली. "इथे काळं भर. भिंतीवर फुली होती, म्हणजे भिंत काळी हवी होती. कोटावर होती, म्हणजे कोट काळा हवा होता. आणि कंदिलापासून पायापर्यंतचा हा पट्टा मास्तरांनी उजेड म्हणून सोडलेला होता. छापलं गेलं ते बरोबर उलटं. जिथे फुली तिथे पांढरं, जिथे फुली नाही तिथे काळं." ती भरणीकडे वळली. "हे एखादी सावली सुचल्याने होत नाही. सगळं पानच उलटं झालंय. का झालं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सांगितलं नाहीत तर मास्तर म्हणतात तेच खरं धरून मला तुम्हाला पोलिसांकडे द्यावं लागेल."

भरणी अंगठ्याने नखाची काळी कड घासत राहिला.  खोलीत सगळ्यांना कळत होतं की याच्याकडे सुटका आहे, पण का थांबलाय ते एकट्या मावशीला कळत होतं. आयुष्यभर तो म्हणत आला होता, मला ते दिसलं. ते सोडलं तर त्याच्याकडे काळी नखं तेवढी उरणार होती.

"ज्या पेंटरकडे तुम्ही होतात," ती हळूच म्हणाली, "तो खडूने फुली कुठे मारायचा?"

भरणीचा अंगठा थांबला.

"जिथे रंग द्यायचा नाही तिथे," भरणी म्हणाला. "फुली म्हणजे कोरं सोड. पाट्यांच्या कामात तसंच. मी तेच धरून भरत गेलो. सगळं." त्याने मान खाली घातली. "मला काही दिसलं बिसलं नव्हतं. चूक झाली."

शेठच्या तोंडून 'अरे देवा' निघालं.

मग भरणीने मान वर केली आणि पहिल्यांदा सरळ मास्तरांकडे पाहिलं. "पण माझा तरी काय दोष? मास्तरांनी मला फुलीचा अर्थ कधी सांगितलाच नव्हता."

"सांगितला नव्हता?" मास्तर गरजले. "हरामखोरा, दोनदा सांगितला होता! दाराबाहेर पडताना सांगितलं, फुली म्हणजे काळं, फुली म्हणजे काळं! परत येऊन बघतो तर सगळ्या पानाचा सत्यानाश. भिंत कोरी, कोट कोरा, माझ्या उजेडाची गटार केलेली! म्हणून तर थोबाडीत..."

ते थांबले.

 लेक पुढे झाली. तिने बापाच्या काखेतली पिशवी धरली. मास्तरांनी आधी ओढून धरली, मग सोडली. तिने बंद सोडून आतून एक पान काढलं आणि रिकाम्या पेटीत ठेवलं. भिंतीवर पेन्सिलीची तुटकी फुली होती. मावशीने ते तिरकं धरलं. काळा पट्टा एकसारखा काळा राहिला. खाली काहीच चमकलं नाही.

"जाळलं का नाहीत, बाबा?"

"माझं पान आहे," मास्तर म्हणाले. "मी का जाळू?"

६

"साधं बदलून का नाही ठेवलंत?" भाचीला अजून कळत नव्हतं. "खोटं पान पेटीत ठेवलं असतंत तर चोरीचा बोभाटाच झाला नसता."

उत्तर मावशीने दिलं. "भरणीने ते पेटीत बघता क्षणी आरडाओरडा केला असता, हे ते पान नव्हे म्हणून. पेटीसमोर उभ्या माणसाचं लोक ऐकतात. चोरीच्या पिशवीमागे उभ्या माणसाचं कोण ऐकतो? सकाळी इथे आले, पिशवी बाकावर पडलेली होती. एक पान काढलं, एक घातलं."

"आता पोलीस बोलवायचे?" शेठ उत्साहाने म्हणाले.

"नको," भरणी म्हणाला. "यांना उद्या इथे उभं करा. लोक विचारतील, त्यांना सांगू देत. माझ्यासमोर."

"मी त्याच्याबरोबर उभा राहणार नाही," मास्तर म्हणाले.

"तुम्ही राहाल, बाबा," लेक म्हणाली. "हात न हलवता."

पाटीचा प्रश्न उरला होता. पेटीखालच्या पाटीवर भाचीने आधीच लिहून ठेवलं होतं, की ही उलटी सावली मास्तरांच्या प्रतिभेतून साकार झाली. तिने ती पाटी काढली आणि कोरा पुठ्ठा समोर घेतला.

"काय लिहू?"

"लिही, मदतनिसाची चूक," मास्तर फणकारले. "त्याची चूक. माझा त्यात काही संबंध नाही. मी तर त्या दिवशी ते पान फाडणार होतो. छापखान्याच्या माणसाने हातातून ओढून नेलं."

बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं असावं की आपण काय देऊन बसलो. त्यांनी भाचीच्या हाताकडे पाहिलं. पण ती लिहीत होती.

"थांबा," भरणी म्हणाला. "नुसतं मदतनिसाची नको. मदतनीस शंभर असतात. माझं नाव घाला. चूक माझी आहे, पूर्ण माझी, आणि ती मी कोणाला देणार नाही."

भाचीने त्याला नाव विचारलं. इतक्या वर्षांत ते कोणी विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं. तिने लिहिलं. त्याने वाकून, बोट फिरवत ते दोनदा वाचलं.

मास्तर पिशवी काखेत मारून निघाले होते. दाराशी पोचून ते परत फिरले, पेटीपाशी आले आणि मूळ पानाकडे नाक लावून बघत राहिले. मग शाईने काळं झालेलं बोट त्यांनी काळ्या पट्ट्याच्या कडेवर टेकवलं.

"इथे हात कापलाय याचा," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "कड सरळ नाही."

"छापखान्याचा माणूस दारात ओरडत होता," भरणी म्हणाला.

"तरी."

"मग पुसून टाका. पेन्सिल आहे का ती?"

मास्तरांनी बोट उचललं. कडेला त्यांच्या बोटाचा ताजा डाग पडला होता. भाचीने घाईने पेटी बंद केली आणि या वेळी कुलूप लावलं.